क्रिप्टॉप्सीचा 'नन सो व्हाइल': एवढ्या वेगात नेमकं ऐकायचं काय?

रात्रपाळी:
मंडळी, मनापासून एक प्रश्न विचारतोय. मेटल माझ्यासाठी नवीन नाही, मेडन, मेगाडेथ, सेपल्टुरा कॉलेजपासून ऐकतोय, पुढे डेथ आणि कार्कसपर्यंत आलो. मग मुंबईच्या गटस्लिट या बँडमुळे ब्रूटल डेथ मेटलची (म्हणजे डेथ मेटलचा आणखी जड, आडदांड प्रकार) गोडी लागली आणि दोन-तीन जणांनी सांगितलं की आता मुळाशी जा, सफोकेशन आणि क्रिप्टॉप्सी ऐक. सफोकेशनचा १९९१चा 'एफिजी ऑफ द फरगॉटन' लगेच बसला, जड आहे पण पाय ठेवायला जागा मिळते. क्रिप्टॉप्सीच्या 'नन सो व्हाइल'चं मात्र तसं होत नाहीये. आठ गाणी, जेमतेम ३२ मिनिटं, संपतो तेव्हा काहीतरी जबरदस्त होऊन गेलं एवढं कळतं आणि लगेच परत लावावासा वाटतो, पण कोणी विचारलं की काय आवडलं तर एक रिफसुद्धा (गिटारचा परत परत येणारा तुकडा) गुणगुणता येत नाही. तर ज्यांना हा अल्बम पाठ आहे त्यांना विचारायचंय, तुम्ही ऐकता काय? ड्रम्स? गिटार? का सगळं मिळून जो मारा होतो तो? आणि आज याहून वेगवान बँड ढिगाने असताना १९९६चा हा अल्बम अजून सगळ्यांच्या यादीत वर का असतो?

खर्डाभाकरी:
चांगले हेडफोन लाव आणि एकदा पूर्ण अल्बम फक्त बेस ऐक. बाकी कशाकडे लक्षच देऊ नकोस. या प्रकारातल्या बहुतेक अल्बममध्ये बेस आहे की नाही तेच कळत नाही, इथे बेस वाजवणारा एरिक लांग्लुआ स्पष्ट ऐकू येतो आणि तो गिटारच्या मागे मागे फरफटत जात नाही. मला हा अल्बम बेसमुळेच उलगडला.

डबलपेडल:
मी ड्रम्स वाजवतो त्यामुळे मी ड्रम्सच्या बाजूने बोलणार हे उघड आहे, पण जरा सविस्तर सांगतो कारण हाच प्रश्न मला बरेच जण विचारतात.

ब्लास्ट बीटचं, म्हणजे ड्रम्सवरच्या त्या सलग वेगवान माऱ्याचं, गणित साधं आहे. किक (पायाने वाजवायचा मोठा ड्रम) आणि स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम) आलटून पालटून, दुसरा हात किकच्या सोबत राइड नाहीतर हायहॅट या झांजांवर. मिनिटाला २४०ची लय धरली तर सेकंदाला १६ ठोके होतात, त्यातले ८ स्नेअरचे. एवढे ठोके कान एकेक करून मोजत नाही, त्यांचा मिळून एक सलग आवाज होतो. आणि त्या आवाजावर गिटारचा रिफ बऱ्याचदा निम्म्या नाहीतर पाव गतीने चाललेला असतो! म्हणजे मान हलवायची ती रिफवर. नवीन माणूस स्नेअर पकडायला जातो, पाच मिनिटांत दमतो आणि म्हणतो नुसता गोंगाट आहे. तू स्नेअर सोडून दे, गिटारचा तुकडा कुठे सुरू होतो आणि कुठे वळून परत येतो तेवढं पकड, अल्बम निम्म्याने हळू वाटायला लागेल.

आता क्रिप्टॉप्सीचा ड्रमर फ्लो मूनिए. नुसता ब्लास्ट मारणारे आज गल्लोगल्ली आहेत, तेवढ्यासाठी कोणी त्याचं नाव घेत नाही. ब्लास्ट चालू असतानाच तो मध्येच तोडतो, रिफचं शेपूट टॉमवर फिरवून घेतो, चायना झांजेवर एक सणसणीत फटका आणि परत बरोब्बर जागेवर ब्लास्टमध्ये, आणि पुढच्या वेळी तोच रिफ आला की तो ते तसंच करेल याची खात्री नाही. लहानपणी मी तबला शिकलो, रेला ऐकायची सवय असेल तर हे लवकर लक्षात येतं, बोल कितीही दाट झाले तरी सम कुठाय ते अंगाला माहीत असतं. फक्त आपल्याकडे विलंबितातून चढत चढत द्रुताला जातात, इथे पहिल्या सेकंदापासून द्रुत आणि खरी मजा येते ती लय अचानक निम्म्यावर पडते तिथे. सफोकेशनवाल्यांनी ती पडण्याची जागा लांब आणि ठसठशीत ठेवली, मान आपोआप खाली जाते, म्हणून तुला ते लगेच बसलं. क्रिप्टॉप्सी ती जागा देतात आणि तू स्थिरावतोयस तोवर काढून घेतात.

हे ऐकायला 'फोबोफाइल' लाव. आधी पियानो, एकटा. मग बेस, तोही एकटा. मग गिटार आणि ड्रम्स आत येतात. तोपर्यंत बेसने कानाला खालच्या स्वरांची सवय लावलेली असते त्यामुळे पुढे गर्दी झाली तरी तू हरवत नाहीस. आणि गाण्यातला गिटारचा सोलो नीट ऐक, एवढ्या दणक्यात तो सरळ सरळ सुरेल आहे, पहिल्या ऐकण्यात गुणगुणता येईल असा.

तुझ्या दुसऱ्या प्रश्नाचं, वर का असतो त्याचं, माझं उत्तर म्हणजे हे चार माणसं वाजवतायत ते ऐकू येतं. नंतरच्या कित्येक टेक्निकल अल्बममध्ये किकचा प्रत्येक ठोका ट्रिगर नावाच्या इलेक्ट्रॉनिक उपकरणाने एकसारखा केलेला आणि संगणकावर रेषेत बसवलेला असतो, वेग जास्त पण धोका शून्य. इथे सतत वाटत राहतं की आता गाडी रुळावरून जाणार, आणि जात नाही. मला तरी ओढ त्याची आहे.

हिमवर्षा:
डबलपेडल दादांनी छान सांगितलंय, मी फक्त गायकाच्या आवाजाबद्दल लिहिते कारण त्याबद्दल कोणीच बोललं नाही.

मी सध्या मॉन्ट्रियलला असते, म्हणजे बँडच्याच गावात, आणि गेला काही काळ ग्राउल (डेथ मेटलमधलं गुरगुरत गाणं) शिकतेय. शिकायला लागल्यावर या अल्बमवरचा गायक लॉर्ड वर्म काय करतो ते कळलं आणि अंगावर काटा आला. ग्राउलमध्ये मुख्य काम आपल्या नेहमीच्या स्वरतंतूंच्या वर ज्या खोट्या पट्ट्या असतात त्यांचं, त्यांना थरथरवायचं आणि दाब पोटातून द्यायचा, गळा आवळला की दोन मिनिटांत आवाज बसतो. बहुतेक गायक एक पोत धरतात आणि तोच शेवटपर्यंत चालवतात. लॉर्ड वर्म एका ओळीत खर्जातून किंचाळीवर जातो, मध्येच नुसती गुळण्या केल्यासारखी गुरगुर, मध्येच श्वास आत ओढल्यासारखं काहीतरी. शब्द एकही कळत नाही. पुस्तिकेतले बोल समोर ठेवले तरी बोट ठेवून वाचता येत नाहीत. म्हणून मी ते शब्द म्हणून ऐकणं सोडलं, चौथं वाद्य म्हणून ऐकते, आणि मग लक्षात येतं की ड्रम्स जिथे तुटतात तिथे बऱ्याचदा त्याचाही आवाज बदलतो. 'क्राउन ऑफ हॉर्न्स'ची सुरुवात आठवा, 'एक्झॉर्सिस्ट ३'मधला संवाद आणि त्यावर ती लांबलचक आरोळी. पुढच्या अर्ध्या तासात काय वाढून ठेवलंय ते तिथेच कळतं.

बोल रक्तरंजित आहेत, काही मला सहन होत नाहीत, हे मी स्पष्ट सांगते. ज्यांना त्याचा त्रास होतो त्यांचं मला पूर्ण पटतं. पण एक गोष्ट नक्की बघा, कव्हरवरचं चित्र. ते एलिझाबेत्ता सिरानीचं आहे, १७व्या शतकातली बोलोन्याची चित्रकार, बायबलमधली हेरोडियास आणि बाप्तिस्मा देणाऱ्या योहानाचं कापलेलं मुंडकं. वडिलांची चित्रशाळा तिने चालवली, इतर बायकांना चित्रकला शिकवली आणि अवघ्या २७व्या वर्षी गेली. या बाईंचं नाव मला एका डेथ मेटल अल्बममुळे कळलं आणि मग मी तिची बाकीची चित्रं शोधून शोधून बघितली.

आणि क्युबेकबद्दल, म्हणजे मॉन्ट्रियल ज्यात येतं त्या कॅनडातल्या प्रांताबद्दल. झोन्किएरचे व्हॉयव्हॉड, शेरब्रुकचे गॉरगट्स, मॉन्ट्रियलचे कटाक्लिझम आणि हे. एकाच फ्रेंच बोलणाऱ्या प्रांतात एवढे अवघड वाजवणारे बँड, आणि एकाचा आवाज दुसऱ्यासारखा नाही. इथल्या छोट्या शोला गेलं की जाणवतं, लोक हात बांधून ड्रमरच्या पायांकडे बघत उभे असतात, अर्धे स्वतः वाजवणारे असतात.

जुनी_कॅसेट:
सगळ्यांचा मान राखून थोडं वेगळं मत मांडतो. तुम्ही सगळे याच्या वादनाचं एवढं कौतुक करताय पण निव्वळ वादनाची गुंतागुंत बघायची तर क्रिप्टॉप्सीचाच १९९८चा 'व्हिस्पर सुप्रीमसी' पुढे आहे, तिथे माइक डिसाल्व्हो गातो आणि गाणी अक्षरशः दर चार सेकंदांनी दिशा बदलतात. शिवाय 'नन सो व्हाइल'मध्ये मला गिटार थोडी दबलेली वाटते, स्नेअर एवढा पुढे आहे की रिफ शोधावा लागतो. रात्रपाळीला रिफ आठवत नाहीत यात त्याच्या कानापेक्षा मिक्सचा (कुठलं वाद्य किती मोठं ठेवलंय त्याचा) हात जास्त आहे. अल्बम मलाही अतिशय प्रिय आहे, वाजवणाऱ्यांचं कौतुक आहेच, पण नवीन माणसाला हे कोणीतरी सांगायला हवं.

डबलपेडल:
@जुनी_कॅसेट, मिक्सबद्दल निम्मं मान्य. स्नेअर पुढे आहेच. पण 'व्हिस्पर सुप्रीमसी' जास्त अवघड असूनही मी कमी वेळा लावतो, कारण तिथे गाणं कुठलं चाललंय ते माझंही चुकतं. 'नन सो व्हाइल'वर रिफ आणि सोलो दोन्ही जॉन लव्हासरच्या हातचे, त्यांच्याच आधीच्या, १९९४च्या 'ब्लास्फेमी मेड फ्लेश'वर दोन गिटारिस्ट होते, इथे हा एकटा. मला वाटतं म्हणूनच प्रत्येक गाण्याला स्वतःचा चेहरा आहे. अवघड आणि तरीही गाणं म्हणून लक्षात राहणारं, हे जमणं जास्त कठीण, असं माझं ठाम मत आहे.

रात्रपाळी:
सगळ्यांचे खूप आभार, एवढं कोणी लिहील असं वाटलं नव्हतं. काल रात्री कामावरून येताना लोकलमध्ये डबलपेडल म्हणाले तसं स्नेअर सोडून रिफ धरून ऐकलं. 'स्लिट युअर गट्स'मध्ये पहिल्यांदा कळलं की वरती एवढी धावपळ चालू असताना खाली एक रिफ निवांत चाललाय, आणि तो वळला तेव्हा मी पण वळलो! मग घरी आल्यावर तेच गाणं बेससाठी, मग एकदा आवाजासाठी. 'फोबोफाइल'चा सोलो तर सकाळपासून डोक्यात आहे. हिमवर्षा ताई, सिरानीची चित्रं बघितली, काय तयारीची बाई होती. आता पुढे काय ऐकू?

जुनी_कॅसेट:
सफोकेशनचा 'पिअर्स्ड फ्रॉम विदिन', १९९५. डोळे झाकून.

हिमवर्षा:
गॉरगट्सचा १९९८चा 'ऑब्स्क्युरा'. तो वेगासाठी नाही, कर्कश आणि वेडावाकडा आहे, कदाचित आधी चिडायला होईल. पण क्युबेकची दुसरी बाजू तीच.

डबलपेडल:
दोन्ही चांगले. वेगच हवा असेल तर कॅन्सासच्या ओरिजिनचा 'अँटिथेसिस', २००८, त्यांचा ड्रमर जॉन लाँगस्ट्रेथचे पाय ऐकायला. त्यात 'रॅथ ऑफ विष्णू' नावाचं गाणं आहे, तिथून सुरू कर. फक्त 'नन सो व्हाइल'नंतर लगेच लावू नकोस, मध्ये एखादा दिवस जाऊ दे, नाहीतर तिथली सफाई कोरडी वाटेल आणि त्या बँडवर अन्याय होईल.