ताण अपॉइंटमेंटच्या वहीत तयार होतो

दंतवैद्यानं कामाचा ताण कसा कमी करावा, असं विचारलं की प्राणायाम आणि सुट्टीचा सल्ला मिळतो. तो योग्यच आहे, पण दंतवैद्याचा बराचसा ताण अपॉइंटमेंटच्या वहीत तयार होतो. आधी ती वही सुधारा.

खालच्या दाढेची नस सुजलेली असली की ब्लॉक (जबडा बधिर करणारं इंजेक्शन) अनेकदा पुरा लागत नाही. ओठ बधिर झाला म्हणजे दाढ बधिर झाली असं नसतं. अशा पेशंटला अर्ध्या तासात कोंबलं की तो खुर्चीत दचकतो, डॉक्टरचे खांदे आवळतात आणि बाहेर माणसं खोळंबतात. इंजेक्शननंतर १०-१५ मिनिटं थांबा, थंड स्प्रेनं दाढ तपासा. कळ आलीच तर मुळाच्या कडेनं पूरक इंजेक्शन द्या, मगच हँडपीस (दात कोरायचं यंत्र) उचला. म्हणजे या कामाला पूर्ण तास हवा. शिवाय रोज एक जागा तातडीच्या पेशंटसाठी रिकामी ठेवा.

पेशंटचं तोंड तुमच्या कोपराच्या पातळीला हवं. मान २० अंशांपेक्षा जास्त वाकत असेल तर खुर्चीची उंची चुकली आहे. नागपुरात मे महिन्यात दर पेशंटनंतर मास्क काढून पाणी प्याच, नाहीतर डोकं दुखतं आणि चिडचिड असिस्टंटवर निघते.

दोन आठवडे झोप उडालेली असेल, सकाळी क्लिनिकला जायची धास्ती वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. स्वतःच चिठ्ठी लिहून अल्प्राझोलाम ही चिंता कमी करणारी गोळी अजिबात सुरू करू नका, काही आठवड्यांत सवय लागते. मेडिकलच्या (नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या) ओपीडीत ओळखीचे भेटतील असा संकोच वाटत असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आहे, २४ तास चालतो आणि मराठीत बोलता येतं. इंटर्न मुलामुलींना हा नंबर जरूर द्या.