कोल्ड हॅमर फोर्ज्ड बॅरलसाठी जास्तीचे पैसे मोजावेत का?

ओहायोकर:
नमस्कार. ग्रीन कार्ड हातात आल्यानंतर इथल्या एका क्लबात नेमबाजी सुरू केली आणि आता एआर-१५ धाटणीची रायफल सुटे भाग घेऊन स्वतः जुळवावी, असे मनाने घेतले आहे. बाकीचे भाग ठरले असून घोडे बॅरलपाशी अडले आहे. काडतूस ५.५६, बॅरलची लांबी १६ इंच आणि वापर म्हणाल तर महिन्यातून दोन रविवार, प्रत्येक खेपेस दीडशेच्या आसपास गोळ्या, अंतर १०० ते ३०० यार्ड. दुकानदार कोल्ड हॅमर फोर्ज्ड, आतून क्रोमचा थर दिलेले बॅरल घ्या म्हणतो, कारण ते "आयुष्यभर पुरेल". क्लबातील एक ज्येष्ठ सदस्य मात्र सांगतात की अचूकता हवी असेल तर कट-रायफल्ड स्टेनलेस बॅरलच घ्यावे, ठोकून केलेली नळी सैनिकांसाठी असते. दोघांच्याही बोलण्यात तथ्य असावे असे वाटते, परंतु फोर्जिंगमुळे नेमके काय बदलते हे दोघांनीही सांगितले नाही. जाणकारांनी कृपया खुलासा करावा.

रविवारचा नेमबाज:
आपल्या दुकानदाराने दोन वेगळ्या गोष्टींची गाठ मारून एकच गोष्ट असल्यासारखी विकली आहे. हॅमर फोर्जिंग ही नळी घणाने ठोकून तिच्या आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या सर्पिल खाचा, पाडण्याची पद्धत आहे. क्रोमचा थर ही त्यानंतरची प्रक्रिया. बॅरल "टिकते" असे जे म्हटले जाते त्यातला मोठा वाटा क्रोमचा असतो, घणाचा नव्हे.

ही पद्धत कुठून आली हे पाहिले म्हणजे तिचा हेतू लगेच ध्यानात येतो. १९३० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत ती विकसित झाली आणि एमजी-४२ या मशीनगनच्या बॅरलसाठी तिचा वापर झाला. मिनिटाला सुमारे १२०० गोळ्या झाडणाऱ्या त्या बंदुकीला बॅरले इतक्या झपाट्याने लागत की एकेक आटा कोरत बसणे परवडणारे नव्हते. म्हणजे मूळ गरज होती ती वेगाची आणि एकसारखेपणाची. युद्धानंतर ऑस्ट्रियातील श्टायर येथील जीएफएम कंपनीने ही यंत्रे जगभर विकली. आज साको, टिक्का, रुगर, एफएन, डॅनियल डिफेन्स अशी अनेक नावे हीच पद्धत वापरतात. यंत्र अतिशय महाग असल्याने ते मोजक्याच कारखान्यांकडे असते आणि कित्येक लहान ब्रँड त्यांच्याकडूनच नळ्या घेऊन त्यावर आपले नाव घालतात. त्यामुळे "कोणाचे बॅरल" यापेक्षा "कोणी ठोकलेले बॅरल" हा प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा.

कट-रायफलिंगमध्ये एकच पाते नळीतून पुन्हा पुन्हा ओढले जाते आणि प्रत्येक फेरीत इंचाच्या दहा हजाराव्या भागाइतकाच धातू निघतो. वेळ फार लागतो, परंतु पोलादावर ताण जवळजवळ येत नाही. क्रीगर आणि बार्टलाइन हे विस्कॉन्सिनमधील दोन कारखाने याच पद्धतीसाठी ओळखले जातात. तिसरी पद्धत बटणाची. कार्बाइडचे बटण नळीतून दाबून किंवा ओढून नेले जाते आणि आटे दाबाने उमटतात. शिलेन, लिल्या ही त्यातली जुनी नावे. बेंचरेस्ट स्पर्धांत, जिथे गोळ्या एकाच भोकातून जाव्यात अशी अपेक्षा असते, तिथे कट आणि बटण यांचेच राज्य आहे. तेव्हा आपल्या क्लबातील ज्येष्ठांचे म्हणणे अगदीच चूक नाही. मात्र त्याच सामन्यांतला निकष ३०० यार्डांवरच्या क्लबातल्या रविवारी लावायचा का, हे ठरवले पाहिजे.

आता आयुष्याविषयी. आपला हिशेब वर्षाला सुमारे ३,६०० गोळ्यांचा होतो. बॅरल प्रथम झिजते ते चेंबरच्या (काडतूस बसते त्या कप्प्याच्या) लगेच पुढे, आटे सुरू होतात त्या थ्रोटपाशी. तापलेल्या वायूने पोलादाचा पृष्ठभाग तडकतो आणि नंतर त्याची खपली निघते. ठोकल्याने पोलाद थोडे कठीण होते हे खरे, परंतु वायूच्या उष्णतेपुढे तो फरक फारसा टिकत नाही. तिथे क्रोम उपयोगी पडतो. त्याची किंमत अशी की क्रोमचा थर आतून सर्वत्र अगदी सारखा बसवणे अवघड असल्याने अचूकतेत थोडी घट येते. अशा चांगल्या बॅरलकडून योग्य काडतूस वापरून दीड ते दोन एमओए (गोळ्या किती पसरतात हे सांगणारे कोनाचे माप) मिळाले तर तक्रार करू नये. १०० यार्डांवर एक एमओए म्हणजे १.०४७ इंच, हे आपल्याला माहीत असेलच. आणि कृपया तीन गोळ्यांच्या ग्रुपवर (कागदावरील भोकांच्या घोळक्यावर) निष्कर्ष काढू नका. माझ्या पहिल्या बॅरलने एकदा तीन गोळ्या पाऊण इंचात टाकल्या होत्या. तो कागद मी वर्षभर पाकिटात घेऊन हिंडलो. नंतर दहा-दहाचे ग्रुप मारू लागलो तेव्हा कळले की ते बॅरल जेमतेम दोन एमओएचे होते.

माझ्या मते पद्धतीपेक्षा पिळाकडे आणि चेंबरकडे आधी पाहावे. नऊ इंचात एक फेरा घेणारा पीळ ७७ ग्रेन वजनाची लांब गोळी खात्रीने स्थिर ठेवत नाही. आठ किंवा सात इंचाचा ठेवतो. ५५ ग्रेनची स्वस्त काडतुसे आणि ३०० यार्डांसाठी जड गोळ्या, दोन्ही वापरायच्या असतील तर आठाचा घ्यावा. चेंबर .२२३ वाइल्ड असेल तर .२२३ आणि ५.५६ अशी दोन्ही प्रकारची काडतुसे चालतात.

भट्टी आणि घण:
चाकणला फोर्जिंगच्या व्यवसायात अनेक वर्षे आहे. बंदुकीशी माझा संबंध नाही, परंतु पोकळ शाफ्ट मँड्रेलवर (आत घातलेल्या दांड्यावर) ठोकण्याशी रोजचा आहे आणि तत्त्व तेच असल्याने एक भर घालतो आणि एक दुरुस्ती सुचवतो.

या प्रकारात आखूड आणि जाड नळी घेतात, तिचे भोक घासून आरशासारखे गुळगुळीत (होन) करतात आणि त्यात आट्यांचा उलटा ठसा असलेला कार्बाइडचा मँड्रेल घालतात. मग नळी फिरत फिरत पुढे सरकते आणि चार बाजूंचे चार घण मिनिटाला हजाराहून अधिक घाव घालतात. नळी बारीक होते, लांबते आणि आतला धातू मँड्रेलवर बसून आटे तयार होतात. काही ठिकाणी चेंबरही त्याच वेळी घडते. श्टायरच्या शिकारी रायफलींवर घणांच्या खुणा पिळासारख्या बाहेरून दिसतात, त्या मुद्दाम घासून काढलेल्या नसतात. मला तरी त्या देखण्या वाटतात.

आता दुरुस्ती. ठोकलेली नळी जात्याच कमी अचूक, असा समज वरच्या प्रतिसादातून होऊ शकतो. तसे नसते. नळीची प्रत मँड्रेल, होनिंग आणि ठोकल्यानंतरची ताण काढण्याची उष्णता-प्रक्रिया या तिघांवर ठरते. मँड्रेलवर केसाएवढा ओरखडा असेल तर तो पुढच्या प्रत्येक नळीत इमानेइतबारे उमटतो; मँड्रेल निर्दोष असेल तर निर्दोषपणाही तसाच उमटतो. ताण न काढता बाहेरून नळी कातली की आतले माप हलते आणि तेही सर्वत्र सारखे हलत नाही. आमच्याकडे शाफ्टच्या बाबतीत हेच होते: यंत्रावरून उतरताना माप बरोबर, लेथवरून आल्यावर रिजेक्शन. टिक्काच्या ठोकलेल्या बॅरलांची ख्याती चांगली आहे ती कारखान्याने ही शिस्त पाळल्यामुळे. घणाला दोष देण्यात अर्थ नाही.

रविवारचा नेमबाज:
दुरुस्ती मान्य. माझ्या डोक्यात क्रोम दिलेली ५.५६ ची बॅरले होती. बोल्ट-अॅक्शन शिकारी रायफलींत ठोकलेल्या आणि क्रोम नसलेल्या नळीने एक एमओएच्या आत मारा केलेला मी स्वतः पाहिला आहे.

बालेवाडीची खेळाडू:
मी ५० मीटर रायफल खेळते, त्यामुळे माझा अनुभव .२२ पुरताच आहे. आमच्या लक्ष्यावर दहाचे वर्तुळ १०.४ मिलिमीटरचे असते आणि गोळी ५.६ मिलिमीटरची. स्वप्नील कुसाळे यांना २०२४ मध्ये पॅरिसला कांस्यपदक मिळाल्यापासून आमच्याकडे नव्याने येणारी मुले पहिल्याच आठवड्यात बॅरलविषयी विचारू लागतात. त्यांना मी सांगते की बॅरल शिकंज्यात धरून एकाच कंपनीच्या चार वेगवेगळ्या लॉटची काडतुसे दहा-दहा झाडून पाहा. त्याच बॅरलचा ग्रुप एका लॉटला आठ मिलिमीटरचा आणि दुसऱ्याला अठराचा आलेला मी पाहिला आहे. आपण बॅरलवर वाचवलेले पैसे तीन-चार प्रकारच्या काडतुसांवर खर्च केलेत तर अधिक शिकाल.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. सुट्टीत येताना जुने बॅरल "नुसती नळी तर आहे" म्हणून कोणासाठी सामानात घालू नका. शस्त्राचे सुटे भागही भारताच्या १९५९ च्या शस्त्र कायद्यात शस्त्रच धरले जातात आणि तिकडून ते बाहेर काढण्यावरही निर्यातीचे निर्बंध आहेत.

ओहायोकर:
सर्वांचे मनापासून आभार. दुकानदाराला नळी कोणी ठोकली हे विचारले, तेव्हा त्याने दोन ब्रँडांपैकी एकाचे उत्तर चटकन दिले आणि दुसऱ्यासाठी फोन करावा लागेल म्हणाला. तो फोन अजून झालेला नाही. तूर्त आठ इंचाच्या पिळाचे, ठोकलेले आणि क्रोम दिलेले बॅरल मागवत आहे, कारण उन्हाळ्यातल्या आमच्या सामन्यांत लागोपाठ तीस-तीस गोळ्या झाडाव्या लागतात. स्टेनलेसचा विचार पुढच्या रायफलीसाठी.

जाता जाता एक शंका. माझा मावसभाऊ एच-१बी व्हिसावर आहे आणि मी रेंजवर जाताना त्यालाही सोबत यायचे आहे. त्याने रायफल हाताळलेली चालते का?

रविवारचा नेमबाज:
थांबा. बिगर-स्थलांतरित व्हिसावरील व्यक्तीने बंदूक किंवा काडतूस बाळगणे अमेरिकेच्या फेडरल कायद्याने निषिद्ध आहे आणि एच-१बी हा असाच व्हिसा आहे. वैध शिकार परवाना हा त्या बंदीतला मुख्य अपवाद. रेंजवर थोडा वेळ हातात घेतलेली बंदूकही अडचणीत आणू शकते. त्याने आधी परवान्याचे पाहावे, वकिलाला विचारावे आणि तोवर कानाला मफ लावून मागच्या बाकावर बसावे.