कंपवात आणि फिरणं

कंपवात (पार्किन्सन) झालाय म्हणून वडिलांचं फिरणं बंद केलं, असं तुम्ही लिहिलंय. कृपा करून तसं करू नका. बसून राहिलं की अंग आणखी आखडतं, तोलही लवकर जातो. आमचे काका सांगलीत आमराईत फिरतात, सोबत कुणीतरी असतंच. लेव्होडोपा या कंपवातावरच्या औषधाची गोळी लागू पडली की मगच निघतात. (प्रथिनयुक्त जेवणाबरोबर ती कमी शोषली जाऊ शकते, म्हणून वेळा डॉक्टरांकडून ठरवून घ्या.) दारात पाय खिळले तर हाताला धरून ओढायचं नाही. थांबून "एक-दोन, एक-दोन" मोजायचं किंवा फरशीची रेघ ओलांडायला सांगायचं. बहुतेकदा पाऊल सुटतं. वळताना गिरकी नको, मोठा वळसा घ्यावा. आणि घरातली सुटी पायपुसणी आजच उचला.