इंग्रजीतल्या कोणत्या चुका तुमच्या डोक्यात जातात?

काल आलेल्या मेलच्या शेवटी होतं, 'प्लीज रिव्हर्ट बॅक'. रिव्हर्टमध्येच मागे जाणं आलं, मग वर आणखी 'बॅक' कशाला? उत्तर द्यायच्या आधी पाच मिनिटं नुसती चडफडत बसले. तुम्हाला काय खटकतं, लिहा. स्वतःच्या चुका कबूल केल्यात तर दुधात साखर.

*

'इट्स', म्हणजे it's आणि its. कानाला दोन्ही सारखेच, म्हणून बोलताना सगळे सुटतात आणि लिहिताना सापडतात. 'इट इज' किंवा 'इट हॅज'चं लघुरूप असेल तरच अ‍ॅपॉस्ट्रॉफी, मालकी दाखवताना नाही. 'हिज', 'हर्स', 'अवर्स'ला तरी कुठे लागतो? मुद्रितशोधन करते, त्यामुळे हे चिन्ह माझ्या स्वप्नातही येतं.

*

लिटरली! 'आय लिटरली डाइड' म्हणणारी व्यक्ती समोर धडधाकट उभी असते. शब्दकोशांनी हा अर्थ नोंदवलाय म्हणे. नोंदवू देत.

*

मी स्वल्पविरामवाला. यादीत शेवटच्या 'अँड' किंवा 'ऑर'च्या आधीचा, ज्याला ऑक्सफर्ड कॉमा म्हणतात तो. साहेब तो खोडायचे, मी परत घालायचो. मग अमेरिकेतल्या मेन राज्याचा खटला वाचनात आला. तिथल्या कायद्यात ओव्हरटाइम न मिळणाऱ्या कामांची यादी होती आणि तिच्या शेवटी 'पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन'. 'ऑर'च्या आधी स्वल्पविराम नाही. म्हणजे वाटप हे वेगळं काम, की पॅकिंगच दोन कारणांसाठी? दूध कंपनीचे ड्रायव्हर माल पोचवायचे, पॅक करत नव्हते. २०१७ मध्ये अपील न्यायालयाने संदिग्धतेचा फायदा त्यांना दिला आणि पुढच्या वर्षी ५० लाख डॉलरवर तडजोड झाली. मी ती बातमी छापून साहेबांच्या टेबलावर ठेवली. ते अजूनही खोडतात.

*

वाक्याच्या शेवटी 'विथ' किंवा 'फ्रॉम' आला की आमच्या बाई लाल रेघ मारायच्या. पुढे कळलं की १६७२ मध्ये कवी ड्रायडन यांनी नाटककार बेन जॉन्सनला याच कारणासाठी नावं ठेवली होती. इंग्रज मात्र आजही बिनदिक्कत 'हू आर यू टॉकिंग टू?' विचारतात. माझे ते मार्क कोण परत देणार?

*

मी गुन्हेगार. 'डिस्कस अबाउट' तोंडातून जातंच. डोक्यात 'विषयी चर्चा' असते, ती 'अबाउट'ला बोट धरून घेऊन येते.

*

एकाच व्यक्तीला 'दे' म्हटलं की माझे मित्र वैतागतात. मेरियम-वेबस्टर या अमेरिकन शब्दकोशाने २०१९ चा शब्द म्हणून तोच निवडला, तेव्हा तर फारच. अहो, एकटे काका आले तरी आपण 'ते आले' म्हणतोच ना?

*

धागाकर्ती परत आलेय. सहज म्हणून स्वतःच्या जुन्या मेलमध्ये 'रिव्हर्ट बॅक' शोधलं. ७ सापडले. एक तर साहेबांना पाठवलेला.