बारीक कामाने डोळे जातात की मोबाइलने?

अरीवाली, धायरी:
काल इथे रविवार पेठेतल्या एका दागिनेवाल्या दादांनी लिहिलं की त्यांचे आजोबा चिमणीच्या उजेडात नथीचे मोती ओवायचे, सत्तरीपर्यंत चष्मा लागला नाही, आणि आताची पोरं रात्र रात्र मोबाइल बघून डोळे घालवतात नि खापर कामावर फोडतात. वाचल्यापासून डोकं तापलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ११ वर्षं ब्लाउजवर अरीचं भरतकाम करते. लग्नसराईत सकाळी नऊ ते रात्री आठ. त्यानंतर मोबाइल हातात धरायचं त्राणच उरत नाही. तरी दुपारी चारला डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं, भुवईच्या वर ठणका लागतो. काळ्या कापडावर काळे मणी असले की दोन वाजताच. सुईच्या टोकावर नजर रोखली की पापणी मिटायचीच विसरते आणि डोळा कोरडा पडतो. काम सोडून उठले की समोर आलेल्या बसचा नंबर मिनिटभर लागत नाही. दोनदा चुकीच्या बसमध्ये चढलेय. हे मोबाइलने होतं का? आम्हाला ब्लाउजमागे ठरलेले पैसे मिळतात. मान वर केली की तेवढे टाके बुडाले. ज्याला हे गणित लागू नाही त्याने आम्हाला शिस्त शिकवू नये.

नथवाला, रविवार पेठ:
ताई, मी तुमच्याबद्दल बोललो नव्हतो. माझ्याकडे पाच कारागीर आहेत, त्यातले चार बंगालचे, माळ्यावरच राहतात. मी रात्री हिशेब करत बसतो तेव्हा वर चारही मोबाइल चालू असतात. सकाळी चौघांचे डोळे लाल. मी रोज बघतो ते खोटं? आणि आजोबांना चष्मा नव्हता हे आख्ख्या गल्लीला माहीत आहे.

डोळे तपासणारी, कोथरूड:
दादा, आजोबांना लांबचं नीट दिसायचं का, हे आठवून सांगा. सत्तरीत चष्म्याशिवाय मोती ओवणारा माणूस बहुधा मायनस नंबरचा असतो. मायनस तीनवाल्याला ३३ सेंटिमीटरवरचं म्हातारपणीही विनाचष्मा दिसतं, रस्त्यापलीकडचा माणूस मात्र ओळखू येत नाही.

बाकीच्यांचं वेगळं आहे. काम २५ सेंटिमीटरवर धरलं की डोळ्याला ४ डायॉप्टरचा (चष्म्याचा नंबर मोजतात तेच माप) जोर लावावा लागतो. पंचेचाळिशीला बहुतेकांकडे एकूण जोरच जेमतेम तेवढा उरलेला असतो. म्हणजे दिवसभर मूठ पूर्ण ताकदीने आवळून बसायचं. तरी लोक चाळिशी लावायला लाजतात, गिऱ्हाइकाला वाटेल हात थकला. आसामच्या चहामळ्यात चाळिशीपुढच्या कामगारांना जवळचा चष्मा देऊन पाहिला होता. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. चष्मा मिळालेल्यांची पानांची तोड न मिळालेल्यांपेक्षा पाचव्या हिश्शाहून जास्त वाढली होती. पानं तोडायचं काम नथीइतकं बारीकही नाही!

नथवाला, रविवार पेठ:
आजोबा मंडईत समोरून आलेल्या माणसाला ओळख देत नसत. लोक घमेंडखोर म्हणायचे, त्यावरून आजी त्यांच्याशी भांडायची. बरं, आजोबांचं तुमचं मानलं. मोबाइलचं मानत नाही.

टूलरूम, भोसरी:
चष्म्यावरच सगळं आणून ठेवू नका. उजेडाचं काय? युरोपातल्या मानकात ऑफिसला ५०० लक्स (उजेडाचं माप) आहे आणि हाताने घड्याळ बनवायला, रत्नांच्या कामाला १५००. मी १९ वर्षं इन्स्पेक्शनला आहे. चकचकीत पार्टवर ट्यूबची तिरीप पडते आणि तिच्यात ओरखडा शोधायचा. २०२५ पर्यंत लागू असलेल्या १९४८ च्या कारखाने कायद्यात कलम १७ ला स्वच्छ लिहिलं होतं की गुळगुळीत पृष्ठभागावरून येणारी तिरीप टाळा, डोळ्यांवर ताण येईल अशा सावल्या पडू देऊ नका. सुपरवायझरला दाखवलं तर म्हणाला, दिवा लावलाय ना. आमची दरवर्षी नेत्रतपासणी होते तीही अशीच. सहा मीटरवरचा तक्ता वाचला की शिक्का, फिट. अरे, मी काम ३० सेंटिमीटरवर करतो, सहा मीटरवर नाही! तीन वर्षं मी फिटही होतो आणि घरी गेल्यावर डोकं धरून बसतही होतो.

नथवाला, रविवार पेठ:
तुम्हाला निदान कायदा तरी आहे. पाच माणसांच्या खोलीला कसला कायदा?

टूलरूम, भोसरी:
मग त्या खोलीत चांगला दिवा तुम्हीच लावायचा, मालक तुम्ही आहात. पोरांच्या मोबाइलवर किती दिवस ढकलणार?

घड्याळजी, लक्ष्मी रोड:
भांडू नका. मोबाइलबद्दल दादांचं अर्धं खरं आहे. दिवसभर जवळ बघितलं आणि रात्री पुन्हा हातभर अंतरावरच बघितलं, तर डोळ्याचा स्नायू सैल पडणार कधी? पण चार बाय आठच्या माळ्यावर तो मुलगा दुसरं बघणार काय, घर तर दोन हजार किलोमीटर लांब आहे. दर २० मिनिटांनी २० फुटांवर २० सेकंद बघा असं सांगतात. माझ्या दुकानातून समोरची भिंत सात फुटांवर आहे. मी उठून रस्त्यावर जातो आणि पार कोपऱ्यापर्यंत बघून येतो. गिऱ्हाईक थांबतं. थांबू दे.

नथवाला, रविवार पेठ:
मला स्वतःला सहा वर्षांत काही झालेलं नाही. डोळे लाल झाले की मेडिकलमधून थेंबांची बाटली आणतो. दोन दिवसांत डोळा काचेसारखा. एवढा गाजावाजा कशाला?

घड्याळजी, लक्ष्मी रोड:
कुठले थेंब? नाव सांगा.

नथवाला, रविवार पेठ:
लाली जायचे. नाव कोण बघतं?

घड्याळजी, लक्ष्मी रोड:
माझ्या थोरल्या भावाने बघितलं नव्हतं. तोही घड्याळंच करायचा. कुणीतरी एकदा दिलेलं नाव घेऊन चार वर्षं तेच थेंब आणत राहिला, दुकानदारही काही न विचारता देत राहिला. दुखत नव्हतं, लाली जात होती. डाव्या बाजूने येणारी रिक्षा दिसली नाही म्हणून पडला, तेव्हा तपासलं. डोळ्याचं प्रेशर वाढून नस वाळली होती. आज त्याला समोरचा काटा दिसतो, तबकडीची कड दिसत नाही. घरात उंबऱ्याला अडखळतो. तुम्ही गाजावाजा म्हणालात ना, दादा, म्हणून मला एवढं लिहावं लागलं.

अरीवाली, धायरी:
आमच्या गल्लीत चार बायका हेच थेंब एकमेकींकडून मागून घालतात. मीही दोनदा घातलेत. कुणी बोललंच नव्हतं.

डोळे तपासणारी, कोथरूड:
लाली चटकन घालवणाऱ्या बऱ्याच थेंबांत स्टेरॉइड असतं. ते वाईट औषध नाही, ऑपरेशननंतर आम्हीही देताना बघतो, पण डॉक्टरांच्या देखरेखीत, मोजून. मनाने महिनोन् महिने घातलं तर काहींचं प्रेशर चढतं, मोतीबिंदूही लवकर येतो. प्रेशरने नस वाळते तो काचबिंदू, त्यात गेलेली नजर परत येत नाही. आणि कोरडेपणाची लाली त्याने बरी होत नाही, दबते. दादा, नाव डेक्सा किंवा प्रेड असं काही सुरू होतंय का बघा. होत असेल तर बाटली घेऊन लगेच नेत्रतज्ज्ञांकडे जा आणि प्रेशर मोजून घ्या.

टूलरूम, भोसरी:
मघाशी मी जास्त बोललो असेन. पण दादा, हे टाळू नका.

नथवाला, रविवार पेठ:
अक्षर फार बारीक आहे. आयग्लास, म्हणजे कामाचं भिंग, लावून वाचलं. डेक्सामेथासोन.
मोबाइलचं मी म्हणालो ते अजूनही मागे घेत नाही. पण उद्या दुकान उशिरा उघडेन. चारही पोरांना घेऊन जातोय. बाटली दुकानात एकच असते, सकाळी लाली दिसली की ती त्याच बाटलीतून घालतात, आणि घाला म्हणून मीच सांगितलंय.