मदत हवी आहे: जुनं घर सोडवून दुसऱ्या जागी उभं करायचंय

नमस्कार मंडळी, कोकणातलं आमचं पणजोबांच्या वेळचं चिरेबंदी घर रस्ता रुंदीकरणात जातंय. मोबदला मिळेल पण घर पाडायला मन धजत नाही हो, माजघरातल्या तुळईला एक खिळा नाहीये, सगळं लाकडी खुंट्यांवर बसवलंय, आणि ओटीच्या खांबावर आम्हा सगळ्या भावंडांच्या उंचीच्या खुणा आहेत. वरच्या अंगाला आमचीच जागा आहे, तिथे हेच घर परत उभं करायचा विचार चाललाय.

श्रीशैलम धरणाच्या वेळी कुडवेल्लीचं संगमेश्वर मंदिर दगड न् दगड सोडवून आलमपूरला नेलं, आणि चेन्नईजवळच्या दक्षिणचित्र या संग्रहालयात तर दक्षिणेतली जुनी राहती घरं उतरवून परत बांधलीयत, म्हणजे लाकूडकामाचं घर हलवता येतं हे नक्की.

तर असं काम केलेले सुतार, गवंडी किंवा आर्किटेक्ट कोणाच्या माहितीत आहेत का? खांब, तुळया, वासे यांना नंबर कसे टाकायचे, पावसात धुऊन जाणार नाहीत असे? चिरे सोडवताना कितपत फुटतात? आणि परत बांधताना चुनाच वापरायचा ना? पावसाळ्याआधी उतरवायचंय, प्लीज लवकर सांगा.