मदत हवी आहे: सीए फर्ममधला अर्धवट पगार आणि व्हिडिओवरची स्टॉक मोजणी

आकडेमोड | २५ जुलै २०२०

मंडळी, जाणकारांचा सल्ला हवा आहे. पुण्यातली मध्यम आकाराची सीए फर्म, तीन भागीदार, पंचवीसेक स्टाफ, शिवाय आर्टिकल्स (सीए होण्यासाठी उमेदवारी करणारे विद्यार्थी). मी सेमी-क्वालिफाइड (इंटरचे दोन्ही ग्रुप झालेत, फायनल बाकी), ऑडिटचं काम बघते. तीन गोष्टींवर अडले आहे.

१. एप्रिलपासून पगार ६० टक्केच जमा होतो. उरलेल्याचं 'परिस्थिती सुधारली की बघू'. लेखी काहीच नाही. हे कापले म्हणायचे की थकले?

२. भोसरीच्या एका क्लायंटची ३१ मार्चची स्टॉक मोजणी लॉकडाऊनमुळे झालीच नाही. आता व्हिडिओ कॉलवर माल बघायचा आणि वर्किंग पेपरमध्ये (ऑडिटच्या कामाच्या नोंदीत) 'फिजिकल व्हेरिफिकेशन केले', म्हणजे माल प्रत्यक्ष मोजला, असं लिहून खाली माझी आद्याक्षरं टाकायची, असं सांगितलंय.

३. टॅक्स ऑडिटची (प्राप्तिकरासाठी सक्तीच्या ऑडिटची) उलाढालीची मर्यादा पाच कोटींवर गेल्यावर आमच्यासारख्या फर्ममध्ये काम उरणार का? मेची परीक्षा नोव्हेंबरमध्ये ढकलली आहे. तोवर तग धरू की आत्ताच इंडस्ट्रीत अर्ज टाकू?

---

तेरीज

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण पगार उशिरा मिळू शकतो, पण वर्किंग पेपरवरची आद्याक्षरं मागे घेता येत नाहीत.

पहिलं म्हणजे व्हिडिओ का? भोसरीतले कारखाने मे महिन्यापासून सुरू आहेत आणि पुण्याचा दुसरा लॉकडाऊनही २३ तारखेला संपला. एसए ५०१ या ऑडिट मानकात मोजणीला हजर राहणं 'शक्य नसेल' तर पर्यायी पद्धत चालते, पण गैरसोय, वेळ किंवा खर्च हे त्याचं कारण होऊ शकत नाही. युनिट कंटेनमेंट झोनमध्ये असेल, क्लायंट बाहेरच्या माणसाला आत घेत नसेल किंवा जाणाऱ्याला आधीचा आजार असेल, तर ते कारण फाइलमध्ये कागदासकट लावा. क्लायंटची 'प्रवेश बंद'ची मेल असली तरी पुरे. यातलं काही नसेल तर मास्क लावून जाऊन या. दोन माणसं, अर्धा दिवस.

व्हिडिओच करावा लागला तर व्हॉट्सॅप कॉल नको. मीट किंवा झूम घ्या आणि रेकॉर्डिंग तुमच्या बाजूला ठेवा. कॅमेरा गेटवरच्या पाटीपासून सुरू करायला सांगा आणि कॉल न तोडता गोदामात जायला लावा. कोणत्या वस्तू मोजायच्या ती यादी आदल्या दिवशी पाठवायची नाही, कॉल सुरू झाल्यावर सांगायची. निम्म्या वस्तू स्टॉक शीटवरून निवडून रॅकवर शोधायला लावा. उरलेल्या निम्म्या रॅकवर दिसतील त्या बोट दाखवून घ्या आणि शीटमध्ये शोधा. पहिल्यात कागदावर आहे पण रॅकवर नाही असा माल सापडतो, दुसऱ्यात रॅकवर आहे पण कागदावर न आलेला. खोकी फोडायला सांगा, निदान मागच्या रांगेतली दोन. वजनाच्या मालाला काट्याचा आकडा कॅमेऱ्यात शून्यापासून दिसला पाहिजे. गोदामाच्या कोपऱ्यात रेंज जाते हे खरं आहे, पण कॉल तुटला तर तो रॅक पहिल्यापासून. 'मघाशी इथपर्यंत झालं होतं' हे चालवून घेऊ नका. त्या पाच मिनिटांत माल या रॅकवरून त्या रॅकवर जातो.

व्हिडिओवर काय कळत नाही तेही माहीत असू द्या. अर्धवट तयार माल कोणत्या टप्प्यावर आहे ते कॅमेऱ्यातून ठरत नाही, त्याला जॉब कार्डच बघावं लागतं. टाकीतलं तेल, पावडरची पोती, गंजलेला बार, यांचा दर्जा तर अजिबातच कळत नाही.

जा किंवा बघा, मोजणी आजची आणि ताळेबंद ३१ मार्चचा. म्हणून मागे जायचं. समजा १ ऑगस्टला सकाळी काम सुरू व्हायच्या आधी एका साइझचा बार १,८४० किलो भरला. १ एप्रिलपासून आवक २,६०० किलो, शॉपला इश्यू ३,१५० किलो. ३१ मार्चचा साठा = १,८४० − २,६०० + ३,१५० = २,३९० किलो. पुस्तकात २,४१० असेल तर २० किलोंचा हिशोब लावा. बहुतेक वेळा गडबड कट-ऑफला (कोणती नोंद कोणत्या वर्षात धरायची तिथे) असते: माल मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात आत आला, जीआरएन (माल मिळाल्याची नोंद) झाला, बिल जूनमध्ये चढवलं. त्यासाठी मार्चचा शेवटचा जीआरएन नंबर, शेवटचं डिलिव्हरी चलन आणि त्याचं ई-वे बिल (मालवाहतुकीचा जीएसटी कागद), तिन्ही मागवा. यंदा एक सोय झाली आहे, एप्रिलभर कारखाना बंद होता. त्यामुळे मागे जाताना चार महिन्यांऐवजी अडीच-तीन महिन्यांच्याच नोंदी तपासायच्या आहेत.

आणि वर्किंग पेपरमध्ये काय लिहायचं? जे झालं तेच: 'दि. अमुक, वेळ अमुक ते अमुक, व्हिडिओद्वारे पाहणी; कॅमेरा क्लायंटच्या स्टोअरकीपरकडे; इतक्या वस्तू शीटवरून, इतक्या रॅकवरून निवडल्या; टाकीतील साठा व अर्धवट मालाची पाहणी झाली नाही.' याखाली आद्याक्षरं टाकायला घाबरण्यासारखं काही नाही. एवढ्यावर पुरावा अपुरा वाटत असेल तर अहवाल एसए ७०५ खाली क्वालिफाय करायचा (त्यात तसा शेरा मारायचा) की नाही हा सही करणाऱ्या भागीदाराचा प्रश्न आहे. तो तुमच्या एका ओळीत गाडून टाकायचा नाही.

---

गल्ला

पगार कापताच येत नाही ना? केंद्राने २९ मार्चला आदेश काढला होता, लॉकडाऊनमध्ये पूर्ण वेतन द्या म्हणून.

---

खतावणी

गल्लाभाऊ, तो आदेश १८ मेपासून मागे घेतलाय. आणि १२ जूनला सर्वोच्च न्यायालयाने मालक-कामगारांनी त्या दिवसांच्या वेतनाबद्दल आपसात बोलून तडजोड करावी, असं सांगितलं. त्याच्या भरवशावर कोणी भांडायला जाऊ नये.

ताई, कापले की थकले याचा फरक कागदावर पडतो. 'थकले' असेल तर ते फर्मचं देणं आहे, सोडताना फुल अँड फायनलमध्ये (शेवटच्या हिशोबात) मागता येतं. 'कापले' असेल तर विषय संपला. शिवाय प्राप्तिकर पगार देय झाला त्या वर्षी लागतो, हातात कधी आला ते बघत नाही. टीडीएस मात्र देताना कापतात. थकबाकी पुढच्या एप्रिलनंतर मिळाली तर २६एएस (आपल्या नावावरच्या टीडीएसचा तक्ता) आणि रिटर्न जुळवत बसावं लागेल. म्हणून आत्ताच विचारून घ्या. विचारणं म्हणजे नोटीस पाठवणं नव्हे. साधी मेल:

'एप्रिल ते जून या तीन महिन्यांसाठी ठरलेल्या पगाराच्या ६० टक्के रक्कम जमा झाली आहे. उर्वरित रु. ____ फर्मकडून येणे आहे असे मी धरून चालले आहे. यात दुरुस्ती असल्यास कळवावे. जुलैपासून काय ठरले आहे तेही कृपया लेखी मिळावे.'

उत्तर आलं तर प्रश्न मिटला. नाही आलं तरी तारखेसकट नोंद राहते. मेल फर्मच्या आयडीवरून करा आणि एक प्रत स्वतःच्या आयडीवर ठेवा. फर्मचा आयडी शेवटच्या दिवशी बंद होतो.

पीएफ पासबुकही बघा. थकीत पगारावरही पीएफ भरावाच लागतो, त्यामुळे फर्मने वेतन किती दाखवलंय यावरून त्यांच्या मनात काय आहे ते कळतं. पण दोन ठिकाणी फसायला होतं. पीएफ १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील तर पगार घटूनही आकडा हलत नाही. आणि मे, जून, जुलैसाठी वर्गणीचा दर १२ वरून १० टक्के केलाय. म्हणजे १,८०० चे १,५०० दिसले तर ती पगारकपात नाही.

---

आकडेमोड

तेरीज, खतावणी, खूप आभार. पीएफ १५,००० वरच आहे, त्यामुळे पासबुकातून काही कळणार नाही. मेल आज करते. क्लायंट बाहेरच्यांना आत घेत नाही, तशी मेल त्यांच्याकडून मागवता येईल. मोजणी सोडून बाकीचं काय? ऋणकोंची (क्लायंटचे पैसे देणं असलेल्यांची) कन्फर्मेशन्स, म्हणजे शिल्लक बरोबर असल्याची पत्रं, येतच नाहीत, बँक स्टेटमेंटच्या पीडीएफ व्हॉट्सॅपवर येतात.

---

तेरीज

व्हॉट्सॅपवरची पीडीएफ पुरावा म्हणून धरू नका, ती कोणीही बदलू शकतं. क्लायंटच्या अकाउंटंटला स्क्रीन शेअर करून नेट बँकिंग उघडायला सांगा, ३१ मार्चची शिल्लक आणि एप्रिलच्या पहिल्या काही नोंदी तिथेच बघा आणि स्क्रीनशॉट तुम्ही घ्या. बँकेचं कन्फर्मेशन शाखेच्या अधिकृत मेलवरून थेट फर्मकडे आलं पाहिजे, क्लायंटमार्फत फॉरवर्ड होऊन नाही.

ऋणकोंचं उत्तर येत नसेल तर एरवी आपण नंतरची वसुली बघतो. यंदा एप्रिल-मे कोरडे गेलेत, तेव्हा वसुली नाही म्हणजे ऋणको खोटा, असंही नाही आणि खरा, असंही नाही. बिल, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची एलआर (वाहतुकीची पावती) आणि माल पोचल्याची सही, ही साखळी लावा. पैसे येतील का हा वेगळा प्रश्न आहे आणि तो तरतुदीचा (बुडीत किती धरायचं याचा) आहे.

नेट रिअलायझेबल व्हॅल्यूही (माल विकून खर्च वजा जाता हाती येईल ती किंमत) विसरू नका. यंदाचा पाडवा २५ मार्चला होता, नेमका लॉकडाऊनचा पहिला दिवस. पाडव्यासाठी माल भरून ठेवलेल्या कापडवाल्या क्लायंटकडे तो ३१ मार्चला जसाच्या तसा पडून आहे. जूनमध्ये किती सवलतीत विकला, ती बिलं मागा.

कारो २०२० (कंपनीच्या ऑडिट अहवालात काय लिहायचं त्याचा सरकारी आदेश) या वर्षाच्या ऑडिटला नाही, २०१६ चाच नमुना वापरायचा. अजूनही काही जण नवा भरताहेत.

---

जाबदेणी

तिसऱ्या प्रश्नावर कोणी बोललं नाही, म्हणून लिहितो. 'काम राहणार का' याचं उत्तर अंदाजाने देऊ नका, तुमच्या फर्मच्या क्लायंट यादीवरून काढा. एक्सेलमध्ये तीन ढीग करा.

पहिला ढीग कंपन्या आणि बँकांचं कॉन्करंट (वर्षभर सोबत चालणारं) ऑडिट. कंपनीला उलाढाल काहीही असो, ऑडिट लागतंच. कॉन्करंटची फी दरमहा येते. या ढिगातून फर्मचा निम्मा पगारखर्च निघत असेल तर फर्म बुडत नाही, फक्त वसुली रखडली आहे.

दुसरा ढीग एक ते पाच कोटींतले प्रोप्रायटर आणि भागीदारी संस्था. इथे खरा फटका आहे, पण वाटतो तेवढा नाही. पाच कोटींची सवलत रोखीची जमा आणि रोखीचे खर्च, दोन्ही पाच टक्क्यांच्या आत असतील तरच. कामगारांना रोख मजुरी देणारा छोटा कारखानदार खर्चाच्या बाजूला अडकतो. किराणा-हार्डवेअरवाला जमेच्या बाजूला. तेव्हा प्रत्येकाच्या टॅलीतून कॅश बुकची बेरीज काढा आणि मग ठरवा. डॉक्टर, आर्किटेक्ट यांची ५० लाखांची मर्यादा आहे तशीच आहे. मात्र याच ढिगातल्या दोन कोटींवरच्यांना २०१८-१९ च्या जीएसटी ऑडिटमधूनही पाच कोटींपर्यंत सूट आहे. म्हणजे अशा एका क्लायंटमागे दोन फिया गेल्या.

तिसरा ढीग यंदापुरता: इमर्जन्सी क्रेडिट लाइनच्या (सरकारी हमीच्या कर्जाच्या) फाइली, कंपन्यांची राहिलेली विवरणं भरायची फ्रेश स्टार्ट योजना (३० सप्टेंबरपर्यंत), प्राप्तिकराचे वाद मिटवायची विवाद से विश्वास. पैसे बरे आहेत, पण यावर पुढच्या वर्षीची नोकरी मोजू नका.

नोकरी बदलायचीच असेल तर 'ऑडिट येतं' एवढ्यावर इंडस्ट्री आत्ता घेत नाही. जीएसटीआर-२ए (पुरवठादारांनी भरलेल्या बिलांचा तक्ता) जुळवणी येते म्हणा आणि करून दाखवा. त्या तक्त्यात न दिसणाऱ्या बिलांच्या क्रेडिटवरची नियम ३६(४) ची दहा टक्क्यांची मर्यादा फेब्रुवारी ते ऑगस्टसाठी एकत्र धरून सप्टेंबरच्या ३बी (जीएसटी रिटर्न) मध्ये लावायची आहे. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक कंपनीच्या अकाउंट्स खात्याला माणूस लागणार आहे. १४ मेपासून टीडीएसचे दर पाऊण केलेत (१९४जे, म्हणजे व्यावसायिक फीला, १० चे ७.५ टक्के), तिथेही चुकीच्या कपातीचे ढीग पडलेत.

---

कच्चीबिलं

मधेच विचारतो, क्षमस्व. मी आर्टिकल, दुसरं वर्ष. सर म्हणतात ऑफिस बंद, सबब स्टायपेंड बंद. घरून मात्र रोज नऊ-दहा तास काम चालू आहे.

---

खतावणी

आर्टिकल हा नोकर नाही. किमान स्टायपेंड सीए इन्स्टिट्यूटच्या नियमाने ठरतो, सरांच्या मर्जीने नाही. जुलै २०२० पासून तो वाढलाय: २० लाखांवर लोकसंख्येच्या शहरात दुसऱ्या वर्षाला महिना ५,०००, त्याहून लहान शहरात कमी. कामाचे तास आठवड्याला ३५. घरून काम चालू असेल तर रोजचा तपशील (क्लायंट, काम, वेळ) मेलवर पाठवत जा, तीच तुझी हजेरी. फॉर्म १०९ (आर्टिकलशिप सोडण्याचा) भरून सुटायची घाई करू नकोस. पहिलं वर्ष उलटल्यावर बदलीला ठोस कारण लागतं आणि नवे प्रिन्सिपल आत्ता आर्टिकल घ्यायला तयार आहेत का ते आधी बघावं लागेल. आधी सरांना नव्या दराचं परिपत्रक नुसतं फॉरवर्ड कर. पुष्कळ ठिकाणी ते वाचलेलंच नसतं.

---

जाबदेणी

आकडेमोड, एक राहिलं. टॅक्स ऑडिटची मुदत ३१ ऑक्टोबर आहे आणि तुमची परीक्षा नोव्हेंबरात. तारखा पुढे गेल्यामुळे सप्टेंबरचा घोळ यंदा ऑक्टोबरात होणार, आणि अभ्यासाची रजा नेमकी तेव्हाच लागणार. ४० टक्क्यांसाठी आत्ता ताणून काही निघेलसं वाटत नाही, भागीदारांच्या हातातही वसुली आल्याशिवाय पैसे नाहीत. त्याऐवजी रजा मागा: १ ऑक्टोबरपासून परीक्षा संपेपर्यंत, लेखी. बदल्यात तुमच्याकडची टॅक्स ऑडिटं सप्टेंबरअखेर ३सीडी च्या (टॅक्स ऑडिटच्या तपशिलाच्या फॉर्मच्या) मसुद्यापर्यंत आणून देते म्हणा. ऑगस्टमध्येच क्लायंटना ट्रायल बॅलन्स, कर्जाचे तपशील आणि २०,००० वरच्या रोखीच्या कर्ज-ठेवींची यादी मागायला सुरुवात करा. ४३बी खालची (प्रत्यक्ष भरले तरच खर्च धरतात त्या कर वगैरेंची) भरणा चलनं शेवटी मागितलीत तरी चालतात, त्यांच्या तारखा अजून पुढे आहेत. हे मान्य झालं तर नोव्हेंबरपर्यंत थांबा. रजाही लेखी देत नसतील तर अर्ज आजच टाका, आणि नियुक्तीपत्रातला नोटीस पिरियड पूर्ण पगारावर मोजलाय की चालू पगारावर, ते राजीनाम्याआधी वाचा.

---

आकडेमोड

वाचलं. नोटीस दोन महिने, 'ग्रॉस सॅलरी'वर. रजेचं सोमवारी विचारते. तेरीज, वर्किंग पेपरमधल्या नोंदीचा तुमचा मसुदा तसाच वापरला तर चालेल ना?

---

तेरीज

वापरा. फक्त 'व्हिडिओद्वारे' हा शब्द शीर्षकातही येऊ द्या. रिव्ह्यू करणारे शीर्षकापलीकडे वाचतीलच असं नाही. आणि रेकॉर्डिंगची फाइल घरच्या लॅपटॉपवर ठेवू नका, फर्मच्या सर्व्हरवर टाकून तिचा पाथ पेपरमध्ये लिहा.